१०८ मध्ये डॉक्टर हवा की पॅरामेडिक?

सह्यकडा
महाराष्ट्रात १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या आल्या. त्यात २३३ एएलएस (अॅडव्हान्स लाइफ सपोर्ट, जास्त उपकरणांच्या) आणि ७०४ बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, मूलभूत उपकरणांच्या). प्रत्येक गाडीत एक पायलट, म्हणजे चालक, आणि एक डॉक्टर. शेजारच्या गोव्यात किंवा गुजरातेत हाच नंबर फिरवला तर गाडीतून ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला, पण डॉक्टर नसलेला) उतरतो. आपल्याकडे उतरतो तो बीएएमएस, नाहीतर बीएचएमएस. आणि आपण मिरवतो, की बघा, आमच्या गाडीत डॉक्टर असतो.

या मिरवण्यापायी राज्यात पॅरामेडिकचा, म्हणजे अशा प्रशिक्षित बिगर-डॉक्टरचा, पेशा कधी उभाच राहिला नाही, असं माझं म्हणणं आहे. १०८वर लागलेले बहुतेक वैद्य तिथे मुक्कामाला येत नाहीत. स्वतःचा दवाखाना टाकेपर्यंत, सीएचओची (सरकारी समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची) भरती निघेपर्यंत किंवा पीजीचा नंबर लागेपर्यंत थांबतात. हात बसला की जातात. त्यांना दोष नाही, या नोकरीत त्यांच्यासाठी वरची पायरीच नाही. पण गाडीत पुन्हा नवा माणूस, पुन्हा श्रीगणेशा.

दुसरीकडे बारावी सायन्सनंतर इमर्जन्सीची पदवी घेणारी मुलं आहेत. चालत्या गाडीत बॅगिंग करणं (पिशवी दाबून श्वास देणं), चेपलेल्या कारमधून माणसाला मानेला कॉलर लावून बोर्डवर काढणं, टॉर्चच्या उजेडात शीर शोधणं, दहा जखमींत आधी कोणाला उचलायचं ते ठरवणं, हेच त्यांचं शिक्षण. ती मुलं जातात कुठे? खाजगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, कारखान्याच्या ओएचसीत (आतल्या दवाखान्यात), मॅरेथॉनच्या स्टँडबायला किंवा आखातात.

केंद्राच्या २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट आणि अॅडव्हान्स केअर पॅरामेडिक हे दोन्ही पेशे अनुसूचीत घेतले आहेत. मग निदान बीएलएस गाड्या तरी त्यांच्या हाती द्या. एएलएसला डॉक्टर राहू दे. सल्ल्याला पुण्याच्या कंट्रोल रूममध्ये डॉक्टर बसवता येतात.

वैद्य_आर्या
सह्यकडा, मी तीच "हात बसला की जाणारी". फक्त अजून गेलेली नाही, परभणीकडे १०८वरच आहे.

पावसाळ्यात रात्री दोनचा कॉल. शेतात जमिनीवर झोपलेला माणूस. चाव्याची खूण धड दिसत नाही, पोटात दुखतंय म्हणतो, पापण्या जड झाल्यात. मण्यार. पीएचसीत सोडायचा, की बॅगिंग करत थेट जिल्हा रुग्णालय गाठायचं, हा निर्णय तिथेच घ्यायचा असतो. नातेवाईक "जवळच्या दवाखान्यात टाका" म्हणून दारावर हात मारत असतात. मोबाईलला रेंज नसते. तुमचा पॅरामेडिक पुण्याच्या डॉक्टरला विचारणार तरी कसा? फवारणीच्या विषबाधेत अॅट्रोपिन किती आणि किती वेळाने, बाळंतपणानंतर अंगावरून जायचं थांबत नसेल तर काय, ही सगळी औषधं आहेत. ती स्वतःच्या सहीने देण्याचा अधिकार आपल्याकडे त्याला कोणत्या कायद्याने आहे?

आणि आम्ही टिकत नाही म्हणता, तर त्यांना हाच करार, हाच ठेकेदार आणि याच बारा तासांच्या शिफ्ट द्या. तेही दुबईलाच जातील. माणूस पदवीमुळे पळत नाही.

कुडाळकर_ईएमटी
मी गोव्यात १०८वर ईएमटी आहे, गाव कुडाळ. गोव्यात ही सेवा २००८ पासून आहे आणि गाडीत डॉक्टर नाही म्हणून ती बुडाली नाही. कॉल सेंटरला डॉक्टर असतो, त्याला आम्ही ईआरसीपी (इमर्जन्सी रिस्पॉन्स सेंटर फिजिशियन) म्हणतो. प्रोटोकॉलमध्ये बसणारं आम्ही करतो, बाहेरचं त्याला विचारून करतो आणि त्याचं नाव-वेळ शीटवर लिहितो. रेंज नसेल तेव्हा काय करायचं तेही प्रोटोकॉलमध्येच असतं, त्यासाठीच तो लिहितात.

सावंतवाडी, दोडामार्गचे गंभीर पेशंट बांबोळीला गोमेकॉतच (गोवा मेडिकल कॉलेजात) येतात. त्या गाड्यांतून तुमचे डॉक्टर उतरतात. काहींचं काम बघून टोपी काढावी. काहींना स्पाईन बोर्डचे पट्टे कुठून कुठे जातात ते आमचा पोरगा दाखवतो. त्यांना ते कुणी शिकवलेलंच नाही, ही त्यांची चूक नव्हे.

आर्याताईंचा शेवटचा मुद्दा मात्र मला पटतो. ईएमटीच्या पुढे काय? ट्रेनर किंवा सुपरवायझर, आणि त्या जागा बोटावर मोजण्याइतक्या. चाळिशीत कंबर गेली की स्ट्रेचर कोण उचलणार? आणि कॅज्युअल्टीत हँडओव्हर देताना समोरचा इंटर्न मान वर करत नाही, हे वेगळंच.

थेम्सकाठ
मी इंग्लंडमध्ये पॅरामेडिक आहे, मूळ सातारा. इथल्या गोष्टी सांगून तुम्हाला हिणवणार नाही, पण आर्यांच्या कायद्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. इथे पॅरामेडिकची एचसीपीसीकडे, म्हणजे आरोग्य व्यवसायांच्या नियामक संस्थेकडे, नोंदणी असते. नोंदणीशिवाय स्वतःला पॅरामेडिक म्हणवणं गुन्हा. कोणती औषधं आम्ही स्वतःच्या निर्णयाने द्यायची त्याची यादी कायद्यात आहे, मॉर्फिनसकट. २०१८ पासून पुढचं शिक्षण घेतलेल्यांना प्रिस्क्रिप्शनही लिहिता येतं. गंभीर चूक झाली तर नोंदणी जाऊ शकते. अधिकार आणि जबाबदारी एकाच कागदावर.

हे आकाशातून पडलं नाही. १९६६ मध्ये बेलफास्टला फ्रँक पॅन्ट्रिज यांनी हृदयविकाराच्या रुग्णांसाठी डीफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) घेऊन गाडी बाहेर काढली तेव्हा तीत डॉक्टरच होता. रुग्णवाहिकेचे कर्मचारी हे काम पुढे शिकत गेले.

आता दुसरी बाजू. नवा पॅरामेडिक बँड ५ या पगारश्रेणीला लागतो, दोनेक वर्षांत बँड ६. मग हॉस्पिटलबाहेर पेशंट घेऊन तासन्‌तास रांगेत उभं राहून कंटाळतो आणि जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) दवाखान्यात दिवसपाळीची नोकरी धरतो. पायऱ्या बांधल्या की लोक गाडीतच राहतात, हा सह्यकडांचा भ्रम आहे. काही त्याच पायऱ्यांनी बाहेर पडतात.

अर्धवट_शंका
दोन्ही बाजू गाडीतल्या माणसाची पदवी मोजताय. कॅनडात ऑन्टारिओमध्ये ओपल्स नावाचा मोठा अभ्यास झाला. जिथे लवकर शॉक देण्याची सोय आधीच होती, तिथे श्वासनलिकेत नळी घालणं, शिरेतून औषधं अशा अॅडव्हान्स गोष्टी वाढवल्या. २००४चा निष्कर्ष असा, की हृदय बंद पडलेल्यांत वाचणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही. २००८ मध्ये मोठ्या अपघातांबाबतही तेच. दम लागलेल्या रुग्णांत मात्र फायदा दिसला. म्हणजे पदवीआधी गाडी किती मिनिटांत येते ते विचारा, आणि ती येईपर्यंत गावात छाती दाबणारं कुणी आहे का तेही.

वैद्य_आर्या
शंका, ऑन्टारिओत गाडी ज्या हॉस्पिटलला पोचते तिथे बहुधा सर्जन असतो. आमच्याकडे ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा, तिथून जिल्हा, तिथून संभाजीनगर किंवा नांदेड. पेशंट माझ्या ताब्यात दोन-दोन तास असतो. तो अभ्यास इथे जसाच्या तसा नका लावू.

पायलट_१०८
डॉक्टर की पॅरामेडिक यावर शिकलेली माणसं भांडतायत, चालू द्या. मी गाडी चालवतो. मी स्टेअरिंगवर असलो की मागे एकच माणूस. तो तीस वेळा छाती दाबणार, दोनदा बॅग दाबणार, परत तीस. मिनिटाला शंभरच्या वर वेग ठेवायचा आणि मी घाटात वळण घेणार. कुणीही असू दे, एमडी असू दे, दहा मिनिटांत त्याचे हात गळतात. तिसऱ्या मजल्यावरून लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधून ऐंशी किलोचा पेशंट उतरवताना मॅडम एका टोकाला आणि मी दुसऱ्या. शेजारचे मोबाईलवर शूटिंग करतात.
मागे दोन माणसं द्या. मग त्यांची नावं काय ठेवायची ती ठेवा.

सह्यकडा
पायलटदादा, हे मी मूळ मुद्द्यातच घालायला हवं होतं असं आता वाटतंय. डॉक्टर आणि पॅरामेडिक दोघंही मागे, निदान एएलएसमध्ये. आर्या, याला तरी हरकत आहे का?

वैद्य_आर्या
हरकत कशाला? पण बीएलएसमधून डॉक्टर काढायला अजूनही आहे. सातशेच्या वर गाड्या त्याच आहेत आणि मराठवाड्यात रात्री येते ती बहुधा बीएलएसच. आधी नोंदणी आणि औषधांची यादी कागदावर आणा. थेम्सकाठ म्हणतात तसं चूक झाली तर नोंदणी जाईल अशी सोय करा. मग बोलू.

लेकीची_आई
तुमचा वाद वाचून माझा गोंधळ वाढला. मुलगी बारावी सायन्स झालीय, नीटला मार्क कमी आहेत. एका कॉलेजात इमर्जन्सीच्या पदवीला प्रवेश मिळतोय. घालू का? नोकरी मिळेल की नुसतीच फी?

कुडाळकर_ईएमटी
ताई, "पॅरामेडिकल" पाटीखाली लॅब, एक्सरे, डायलिसिस सगळं येतं, तेव्हा शाखा नीट बघा. विद्यापीठाची संलग्नता बघा. नव्या कायद्यात 'हेल्थकेअर प्रोफेशनल'च्या पदवीला किमान ३६०० तास आणि 'अलाइड हेल्थ प्रोफेशनल'च्या डिप्लोमा किंवा पदवीला किमान २००० तास धरलेत, तेवढे भरतात का विचारा. आणि सर्वांत आधी विचारा, की प्रत्यक्ष रुग्णवाहिकेवर पोस्टिंग किती आणि कोणत्या वर्षापासून. मुलीला रक्त, उलटी आणि रात्रपाळी चालते का, ते तुम्हाला माहीत.

थेम्सकाठ
परदेशाचं आमिष दाखवून फी घेत असतील तर सावध. भारतातली पदवी घेऊन इथे थेट गाडीवर चढता येत नाही. एचसीपीसी तुमचा अभ्यासक्रम आणि अनुभव तपासते, कमी वाटलं तर थांबवते. तेव्हाही गाडीवरचे तासच कामी येतात.

लेकीची_आई
कॉलेजला फोन केला. म्हणाले, पोस्टिंग हॉस्पिटलमध्येच असतं, रुग्णवाहिका "दाखवायला" नेतात.

सह्यकडा
दुसरं कॉलेज बघा.