स्लाइड आणि स्लिपर यांचे मूळ वेगळे
'स्लाइड म्हणजे आपल्या स्लिपरचेच नवे रूप' हे मत मला पटत नाही, कारण दोन्हींची घराणी वेगळी आहेत. स्लिपरचे मूळ जपानमधील झोरी या गवती चपलेत आहे. १९६२ साली ब्राझीलमध्ये हवायनास ही रबरी स्लिपर निघाली, तेव्हा त्या झोरीची खूण म्हणून स्लिपरच्या पाय टेकतो त्या बाजूवर तांदळाच्या दाण्यांसारखी नक्षी उमटवली गेली, आणि बोट फिरवले तर ती आजही जाणवते. स्लाइडला मात्र बोटांच्या बेचक्यात जाणारी पट्टी नसते, पावलावर आडवा रुंद पट्टा तेवढा असतो. १९७२ मध्ये बाजारात आलेली आदिदासची अदिलेट ही स्लाइड मुळात फुटबॉलपटूंना न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर वापरण्यासाठी घडवलेली होती. साधे मोजे न काढताही ती पायात सरकवता येते, हे मला तिचे खरे वैशिष्ट्य वाटते. झोरीसोबत घालायला अंगठा वेगळा असलेले ताबी मोजेच लागतात.