कालचा सिनेमा संपला का?

सेक्रेटरी: सर्व सभासदांनी नोंद घ्यावी. काल रात्री गच्चीवर प्रोजेक्टर बिघडला नव्हता, लाइटही गेली नव्हती. 'माँटी पायथॉन अँड द होली ग्रेल' तसाच संपतो. वर्गणी परत मागू नये.

बी-१०२ आजी: माका वाटला इन्व्हर्टर गेलो. पडदो काळो, आणि पेटी आपली वाजताच आसा!

ए-२०४ ताई: मी नावं येतील म्हणून बसून राहिले.

सी-३०१: ताई, नावं सुरुवातीलाच येऊन गेली, खोट्या स्वीडिश सबटायटल्ससकट. तुम्ही तेव्हा भजी तळत होतात 😄

ए-४०२ काका: माझा राग शेवटावर आहे, सिनेमावर नाही. १९७५ चा सिनेमा. पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन अशा बँडवाल्यांनी पैसे घातले, तरी घोडे परवडेनात. म्हणून आर्थर राजा नुसताच टुणटुण उड्या मारत येतो आणि मागून नोकर टापांच्या आवाजासाठी करवंट्या वाजवतो. खरे घोडे असते तर आपण एवढे हसलो असतो? वर त्या थंड मुलखात नारळ आला कुठून, पाकोळीने आणला का, यावर पहारेकरी राजाशी वाद घालतो! मालवणात हे बघायला वेगळीच मजा. बहुतेक ठिकाणी स्कॉटलंडमधला डूनचा एकच किल्ला फिरवून फिरवून दाखवलाय. खिसा रिकामा म्हणून तर विनोद सुचत गेले. मग शेवटी सैन्य धावत सुटतं, आता लढाई होणार, तोच पोलिसांची गाडी! राजाला अटक, कॅमेऱ्यावर हात, खेळ खलास. लढाईसाठी काही त्यांना करवंटी सापडली नाही.

सी-३०१: पण अटक अचानक नाहीये, काका. मध्येच तो आजच्या काळातला इतिहासकार तलवारीने मारला जातो ना? पोलीस तेव्हापासून मागावर आहेत.

ए-४०२ काका: बघितलं रे. पेरलं होतं, मान्य. पण उगवलं तेव्हा हसू आलं का तुला?

सी-३०१: …थोडं.

बी-३०३: पहिल्या खर्ड्यात म्हणे राजा शोधत असतो तो पवित्र प्याला, म्हणजे होली ग्रेल, लंडनच्या हॅरॉड्स दुकानात सापडणार होता. तेच ठेवायला हवं होतं. एवढी वणवण करून प्याला दुकानात, किमतीच्या चिठ्ठीसकट!

ए-४०२ काका: हा खरा शेवट! चिठ्ठी तुमची ना पण?

बी-३०३: चिठ्ठी माझी 🙏

बी-१०२ आजी: आमच्या दशावतारात रातभर कितीय धुमशान घालूंदेत, फाटफटी दहीकालो होताच. राजा नि राक्षस समोर उभे रवले आणि पखवाजवालो उठान घराक गेलो, तर लोक सोडतीत काय?

ए-२०४ ताई: आजी 😂 पुढच्या शनिवारी शेवट आधी कुणीतरी बघून मगच सिनेमा लावा.

सेक्रेटरी: सूचना मान्य. दुसरा विषय. सकाळपासून सोसायटीतली सगळी मुलं करवंट्या घेऊन जिन्यातून वर-खाली करत आहेत. ए विंगमध्ये दुपारी २ ते ४ घोडे बंद.