पिनॉय बीएल: भागागणिक परीक्षण लिहिताना नेमकं काय तोलायचं?

सागरगोटा

फिलिपिन्सच्या, म्हणजे 'पिनॉय', बीएल मालिकांवर ('बॉईज लव्ह', दोन मुलग्यांच्या प्रेमकथा) मराठीत लिहिणारी मंडळी आता बरीच झाली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण अलीकडे वाचलेल्या बहुतेक परीक्षणांचा साचा एकच दिसतो. या भागात दोघं किती जवळ आले, चुंबन झालं की राहिलं, आणि त्यावरून पाचपैकी तारे. भाग गोड असेल तर साडेचार, भांडणाचा असेल तर तीन. आई, वडील किंवा बहीण यांनी जास्त वेळ घेतला की तो भाग 'फिलर', म्हणजे नुसता वेळ काढायला घातलेला. परीक्षणातला हा सगळ्यात आळशी शेरा आहे असं माझं ठाम मत आहे.

'गेमबॉईज' घ्या. मार्च २०२० च्या मध्यापासून मनिलासकट सगळं लुझोन बेट टाळेबंदीत होतं. चित्रीकरणं ठप्प होती. ५ मेला एबीएस-सीबीएन या देशातल्या बलाढ्य वाहिनीला परवान्याची मुदत संपल्यामुळे प्रक्षेपण बंद करावं लागलं. आणि २२ मेला यूट्यूबवर 'गेमबॉईज'चा पहिला भाग आला. कायरोचं काम करणारा एलायजा कानलास आणि गॅव्रील झालेला कोकोय दे सांतोस आपापल्या घरी बसून काम करत होते, आणि दिग्दर्शक इवान अँड्र्यू पायावाल लांबून सूचना देत होता. आपल्याला दिसतो तो निव्वळ लॅपटॉप-मोबाइलचा पडदा: गेमचं लाइव्ह, चॅटची खिडकी, व्हिडिओ कॉलची चौकट.

गोष्टही त्या चौकटीतूनच वाढते. लाइव्हवर गेम खेळणारा कायरो गॅव्रीलकडून हरतो, पुन्हा सामना मागतो, आणि गॅव्रील त्या निमित्ताने ओळख वाढवायला बघतो. इथवर गंमत. पण कायरोचे वडील कोविडने रुग्णालयात आहेत, त्याला त्यांच्याजवळ जाता येत नाही, आणि त्या आजारपणाचा दोष तो स्वतःकडे घेतो. हा धागा बाजूला काढला तर कायरो इतका आखडून का बोलतो, कॉल मध्येच का तोडतो, हे कळणारच नाही. म्हणजे ज्याला आपण 'फिलर' म्हणतो त्याच्याच बळावर पुढचा गोड प्रसंग उभा असतो. परीक्षकाने तेच टाळलं तर त्याने एपिसोड पाहिला असं कसं म्हणायचं?

माझं म्हणणं एवढंच की भाग तोलताना आधी विचारावं: या भागाने माणूस किती कळवला? जोडी किती शोभली हे त्यानंतर.

पेठेतली

सागरगोटाताई, तुमचं लिखाण मी नेहमी वाचते, पण इथे अजिबात सहमत नाही.

समलिंगी माणसांच्या गोष्टी पडद्यावर आल्या तेव्हा वर्षानुवर्षं त्यांच्या नशिबी काय होतं? मरण, एकटेपण, नाहीतर विनोदी मित्राची भूमिका. फिलिपिन्सच्या मुख्य प्रवाहातल्या सिनेमातही पार्लर चालवणारा, सगळ्यांना हसवणारा आणि शेवटी एकटा उरणारा गडी ठरलेला असायचा. अशा ठिकाणी दोन पोरं एकमेकांकडे बघून लाजतात आणि 'गेमबॉईज'चे तेरा भाग संपल्यावरही दोघं जिवंत आहेत, एकत्र आहेत, ही साधी गोष्ट नाही. हा गोडवा मोजायचा नाही तर काय मोजायचं? प्रेमकथेचं परीक्षण प्रेमाचा रंग किती चढला यावर व्हायलाच हवं. रहस्यकथेत रहस्य किती टिकलं हे विचारतोच ना आपण?

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त खुपते. या मालिका आवडीने बघणाऱ्यांत आणि त्यांच्यावर लिहिणाऱ्यांत बायका खूप आहेत. बायकांना जे आवडतं त्याला उथळ म्हणायची सवय जुनी आहे. 'जोडी काय बघता, समाज बघा' हा सल्ला क्रिकेटवर लिहिणाऱ्याला कोणी देत नाही.

भागागणिक लिहिणं म्हणजे आठवडाभर वाट बघणाऱ्यांनी एकमेकांशी बोलणं. तिथे धडधडच नोंदवली जाणार.

निनाद७

दोन्ही बाजू वाचल्या. माझा आक्षेप दोघींवरही आहे, कारण दोघीही या मालिकांना सवलत देताय. एक परिस्थितीची, दुसरी आनंदाची.

टाळेबंदीत केलं, घरात बसून केलं, पैसा नव्हता, हे सगळं कबूल. पण प्रेक्षकाचा अर्धा तास तेवढाच मोलाचा असतो. 'हॅलो स्ट्रेंजर'चं उदाहरण देतो. २०२० चीच, ब्लॅक शीप या निर्मितीसंस्थेची मालिका, पीटरसन वार्गास दिग्दर्शक. कॉलेजातला बास्केटबॉल खेळणारा लोकप्रिय झेवियर आणि अभ्यासू मिको यांना ऑनलाइन वर्गात एकत्र प्रकल्प करावा लागतो. जेसी अल्कांताराचा मिको मला फार आवडला, बोलताना अडखळणं त्याने नेमकं पकडलंय. पण मित्रांच्या ग्रुप कॉलचे प्रसंग जवळपास प्रत्येक भागात त्याच वळणाने जातात. मित्र चिडवणार, मिको लपवणार, कोणीतरी बोलून जाणार. चौथ्यांदा तेच घडलं की मी गुण कापतो, आणि त्याला टाळेबंदी कारण होऊ शकत नाही. त्याच बंधनात 'गेमबॉईज' दर भागात पडदा वेगळा वापरते, म्हणून तर २०२१ साली तिला आंतरराष्ट्रीय एमी या टीव्ही पुरस्काराचं लघुमालिका विभागात नामांकन मिळालं. तिथे तिला कोणी सवलत देऊन बोलावलं नव्हतं.

आणि पेठेतली, एक सरळ प्रश्न. गॅव्रील सुरुवातीला ज्या चिकाटीने कायरोच्या मागे लागतो, तसा हिरो हिरॉइनच्या मागे लागलेला दाखवला तर तुम्हीच कडाडून लिहाल. इथे दोघं मुलगे आहेत म्हणून ते 'क्यूट' कसं होतं? पहिल्या भागांच्या एकाही मराठी परीक्षणात मला हा मुद्दा दिसला नाही.

पेठेतली

प्रश्न योग्य आहे आणि उत्तर आहे. गॅव्रीलकडे कायरोला कोपऱ्यात गाठायची सोयच नाही. मध्ये पडदा आहे, कायरोचं बोट कॉल तोडायच्या बटणावर आहे, आणि तो ते दाबतोही. रस्त्यात वाट अडवणारा हिरो आणि हा, यांत हा फरक मोठा आहे. कायरो स्वतः परत येतो, हे मालिका आवर्जून दाखवते. तरी गॅव्रीलच्या वागण्यावर परीक्षणात एक परिच्छेद हवा, हे मान्य. त्यासाठी तारे मात्र कापणार नाही.

डेकवरून

मी मर्चंट नेव्हीत आहे, मूळचा दापोलीचा. जहाजावर आमचे निम्म्याहून जास्त सहकारी बहुतेक वेळा फिलिपिनो असतात. या मालिकांची ओळख मला मेसमध्येच झाली. निनाद, तुम्ही व्हिडिओ कॉलला 'बंधन' म्हणता, तिथे मला थांबावंसं वाटलं.

फिलिपिन्समधून लाखो माणसं नोकरीसाठी बाहेर आहेत. खलाशी, परिचारिका, घरकाम करणाऱ्या बायका. त्यांच्या घरात पडद्यावरची माया २०२० मध्ये सुरू झालेली नाही. माझ्याबरोबर काम करणारा एक मोटरमन (जहाजाच्या इंजिनरूममधला कामगार) लेकीच्या वाढदिवसाला फोन मेसच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवतो, स्वतःचं ताट समोर घेतो, आणि तिकडे घरचे जेवतात तेव्हा हा इकडे जेवतो. मध्येच नेट जातं, तिथल्यांचे चेहरे अर्धवट गोठतात, हा घास हातात धरून थांबतो. परत चित्र हललं की जेवण पुढे चालू. कोणी त्याबद्दल बोलतही नाही.

'गेमबॉईज'मध्ये कॉल चालू ठेवून दोघं नुसते सोबत असतात ते प्रसंग मी या नजरेने पाहिले. 'काहीच घडत नाही' असं ज्या परीक्षणात लिहिलंय, ते मला पटलं नाही. त्या देशात प्रेम असंच केलं जातं, निदान ज्यांच्या घरातलं कोणीतरी लांब आहे त्यांच्याकडे. त्या मालिकेच्या लेखक-दिग्दर्शकांना तो चौकटीतला सहवास शिकवावा लागला नसेल.

निनाद७

हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण एक शंका राहतेच: खरं आयुष्य तसं असतं म्हणून प्रसंग आपोआप चांगला ठरत नाही. तुमच्या मोटरमनची गोष्ट तुम्ही पाच ओळींत सांगितलीत आणि पोचली. मालिकेनेही तेवढीच निवड करावी, एवढीच अपेक्षा.

कातरवेळ

मी लहान शहरात राहणारा गे माणूस आहे, घरी अर्ध्यांना माहीत आहे, अर्ध्यांना नाही. म्हणून माझं बघणं कदाचित तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळं असेल.

'गाया सा पेलिकुला' या मालिकेचा विषय कोणीच काढला नाही म्हणून मी काढतो. २०२० च्या सप्टेंबरपासून आठ भाग, ग्लोब स्टुडिओजची. लेखन हुआन मिगेल सेवेरोचं, दिग्दर्शन जेपी हाबाकचं. आर्किटेक्चर शिकणारा कार्ल काकाच्या फ्लॅटमध्ये एकटा राहतोय आणि शेजारचा व्लाद त्याच्याकडे राहायला येतो. पाओलो पांगिलिनान आणि इयान पांगिलिनान. जवळजवळ सगळं त्या एका फ्लॅटमध्ये घडतं.

या मालिकेत मला धरून ठेवतं ते दोघांमधलं अंतर. व्लाद स्वतःबद्दल उघड आहे, त्याला पुन्हा लपायचं नाही. कार्लला अजून स्वतःचंच नाव स्वतःसमोर घेता येत नाही. कोणीच वाईट नाही आणि तरी दोघांना एकमेकांचा त्रास होतो. शेवटच्या भागात सगळं जुळून येत नाही. इथल्या दोन परीक्षणांत त्या भागाला तीन तारे मिळाले, 'अपेक्षाभंग' म्हणून. पेठेतली, त्यातलं एक तुमचं आहे आणि ते वाचून मला वाईट वाटलं होतं, हे मोकळेपणाने सांगतो. माझ्यासारख्याला तयार व्हायला वेळ लागतो. प्रेम करणाऱ्या माणसाचाही त्या वेळेवर हक्क नसतो. हे कोणीतरी पडद्यावर धीराने दाखवलं आणि आपण तारे कापले, कारण शेवटी मिठी टिकली नाही.

तिथली परिस्थितीही डोळ्यांसमोर ठेवा. समलिंगी संबंध तिथे गुन्हा नाहीत, पण लग्नाची सोय नाही. बहुसंख्य कॅथलिक देश आहे, मुस्लिम समाज सोडला तर घटस्फोटाचाच कायदा नाही. भेदभावाविरुद्धचं विधेयक २००० साली पहिल्यांदा मांडलं गेलं आणि वीस वर्षं उलटून गेली तरी राष्ट्रीय कायदा झालेला नाही. केसोन सिटीसारख्या शहराने २०१४ मध्ये स्वतःचा नियम केला, एवढंच. आपल्याकडे २०१८ ला ३७७ चा जाच गेला, २०२३ ला लग्नाच्या हक्काला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. कार्लची भीती मला समजावून घ्यावी लागत नाही.

आणि सागरगोटाताईंच्या 'फिलर'च्या मुद्द्याला जोडून एक. 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेल्या आनंदची गोष्ट. त्यातली नातेवाइकांची ये-जा, सुतकाचे नियम, लग्नाचे प्रश्न, यांना आपल्यापैकी कोणी 'फिलर' म्हटलं नाही. कारण ती माणसं आपली आहेत, आपल्याला त्यांचं वजन कळतं. कायरोच्या घरच्यांचे प्रसंग आले की आपण व्हिडिओ पुढे सरकवतो, कारण ते आपले कोणी नाहीत. परीक्षकाने निदान एवढं अंतर तरी कापावं.

सागरगोटा

कातरवेळ, सुतकाचं उदाहरण मनाला भिडलं.

निनाद, सवलत मी मागत नाहीये. 'हॅलो स्ट्रेंजर'च्या तोचतोपणाबद्दल तुमच्याशी सहमत आहे आणि तिथे गुण जायलाच हवेत. मात्र ते का गेले हे लिहिताना 'प्रसंग पुन्हा तोच आला' असं लिहा, 'जोडीला वेळ कमी दिला' असं नको.

पेठेतली, बायकांच्या आवडीबद्दलचं तुमचं बोलणं मी गंभीरपणे घेते, कारण मीही तेच सोसलंय. पण म्हणूनच आपल्या परीक्षणांनी जास्त मागावं असं मला वाटतं. 'गेमबॉईज' काढणारी आयडियाफर्स्ट ही कंपनी ज्यांनी उभी केली ते पेर्सी इंतालान आणि जून रोब्लेस लाना स्वतः एकमेकांचे जोडीदार आहेत, २०१३ साली न्यूयॉर्कला जाऊन लग्न केलेले. लानांनी 'बीएल' हा शब्द तिथे रुळायच्या कितीतरी आधीपासून समलिंगी माणसांवर चित्रपट केले आहेत. अशा लोकांच्या घरातून आलेल्या मालिकेत वडिलांचं आजारपण किंवा मैत्रिणीची गोष्ट वेळ काढायला घातलेली नसते. मैत्रीण पर्ल तर इतकी भरीव होती की तिच्यावर पुढे 'पर्ल नेक्स्ट डोअर' ही वेगळी मालिका निघाली, दोन मुलींची. पहिल्या भागांवर लिहिताना आपल्यातल्या एकाने तरी पर्लकडे नीट पाहिलं होतं का?

पेठेतली

पर्लवर मी लिहिलं होतं, चौथ्या परिच्छेदात, हवं तर परत वाचा.

कातरवेळ, तुम्हाला वाईट वाटलं हे वाचून मलाही वाईट वाटलं. तरी त्या तीन ताऱ्यांवर मी ठाम आहे. मी कार्लच्या न जमण्याला गुण कापले नव्हते. आठ भाग सोबत चालल्यावर निरोपाला जो वेळ मिळायला हवा होता तो मिळाला नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. तुम्हाला तो भाग जसा पोचला तसा मला पोचणार नाही, आणि माझ्या परीक्षणात मी माझ्यापर्यंत जे पोचलं तेच लिहिणार. तुम्ही तुमचं लिहा. आठव्या भागाचं तुमचं परीक्षण माझ्या परीक्षणाशेजारी असलं तर वाचणाऱ्याला दोन्ही मिळतील.

कातरवेळ

लिहितो. पहिल्या भागापासून सुरू करतो, म्हणजे आठव्यापर्यंत यायला वेळ लागेल. तारे देणार नाही.

डेकवरून

आमचं जहाज परवा निघतंय, पुढचे काही आठवडे नेट धड नसेल. भाग उतरवून घेतोय. बंदराला लागल्यावर तुमची सगळी परीक्षणं एकदम वाचेन, आणि मोटरमनला विचारून कार्लच्या फ्लॅटबद्दल त्याचं काय म्हणणं आहे तेही इथे टाकेन.