मदत हवी आहे: दोन ऑफर, पण आतलं वातावरण कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. मी सॉफ्टवेअर डेव्हलपर, बॅकएंडला (म्हणजे सर्व्हरच्या बाजूचं काम) आहे, जावा आणि पोस्टग्रेस डेटाबेस. हातात पुण्यातल्या दोन ऑफर आहेत: हिंजवडी फेज ३ मधली मोठी सर्व्हिस कंपनी (इतर कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी) आणि बाणेरमधली छोटी प्रॉडक्ट कंपनी (स्वतःचं सॉफ्टवेअर विकणारी). पगार जवळपास सारखाच, आणि हिंजवडीचं ट्रॅफिक मी गृहीत धरलंय, त्यामुळे त्यावर सल्ले नकोत.

आत्ताच्या ठिकाणी रिलीज शुक्रवारी संध्याकाळी होतो. काही फुटलं की सोमवारी पहिला प्रश्न, 'कोणी केलं?' कोड रिव्ह्यू (सहकाऱ्याने कोड तपासणं) म्हणजे न वाचता अप्रूव्ह. हे पुन्हा नको.

सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या जोएल स्पोल्स्कीची, टीम कशी आहे ते तपासायची २००० सालची १२ प्रश्नांची यादी वाचली. बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणं) एका पायरीत होतो का, नवा कोड लिहिण्याआधी बग काढता का, वगैरे. यादी आजही चालण्यासारखी आहे, पण एचआरला विचारलं तर सगळ्याला 'हो'च येणार. बाणेरवाले तर म्हणाले, 'आमच्याकडे फॅमिलीसारखं वातावरण आहे.' तिथेच माझ्या कपाळाला आठी पडली.

मॅनेजरला नेमकं काय विचारलं की खरं बाहेर येतं? 'मागच्या वेळी प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती सिस्टिम) पडलं तेव्हा पुढे काय केलंत?' हे आगाऊपणाचं वाटेल का? ऑफर स्वीकारण्याआधी टीममधल्या एखाद्या डेव्हलपरशी बोलू द्या म्हटलं, तर आपल्याकडे देतात का? दोन्हीकडे नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, म्हणजे फसलो तर लगेच सुटका नाही. ज्यांनी सर्व्हिसमधून प्रॉडक्टमध्ये उडी मारली (किंवा उलट), त्यांनी जरूर लिहा.