मदत हवी आहे: ईजीएफ बसल्याचा निरोप पेशीच्या आत पोहोचतो कसा?

नमस्कार मंडळी, ग्रोथ फॅक्टर (पेशीला वाढीचा निरोप देणारी प्रथिनं) आणि त्यांचे रिसेप्टर (तो निरोप घेणारी पेशीच्या पटलातली प्रथिनं) याबद्दल वाचतोय आणि एका जागी अडलोय. पीडीजीएफ या ग्रोथ फॅक्टरचं समजलं. तो स्वतःच जोडरेणू असल्यामुळे दोन रिसेप्टरना दोन बाजूंनी धरून जवळ आणतो. पण ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) हे 53 अमिनो आम्लांचं एकेरी प्रथिन. रिसेप्टरच्या पेशीबाहेरच्या भागात चार डोमेन म्हणजे विभाग असतात; ईजीएफ त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या डोमेनमध्ये बसतं, तेव्हा चौथ्या डोमेनशी अडकलेला दुसऱ्या डोमेनचा हात सुटतो आणि शेजारच्या रिसेप्टरला भिडतो. म्हणजे दोघांच्या मध्ये ईजीएफचा पूल नसतोच! ही रचना मला फार सुंदर वाटते.

अडचण पुढे आहे. ईजीएफ नसतानाही काही रिसेप्टर जोडीने असतात, तरी त्यांचे कायनेझ (रिसेप्टरचा पेशीच्या आतला, निरोप पुढे देणारा एन्झाइम-भाग) शांत राहतात. आत एक कायनेझ दुसऱ्याला टेकून त्याला चालू करतो, हेही ठीक. पण बाहेरचा बदल पटलातल्या एकुलत्या एक हेलिक्समधून (रिसेप्टरच्या मळसूत्री तुकड्यातून) आत जातो कसा? हेलिक्स फिरतो, तिरका होतो, की फक्त दोन हेलिक्समधलं अंतर बदलतं?

हर-2 या ईजीएफ रिसेप्टरच्या भावंडाचा हात तर लिगँडशिवायच (रिसेप्टरवर बसणाऱ्या रेणूशिवायच) उघडा असतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. कोणी हा मधला दुवा टप्प्याटप्प्याने समजावून सांगेल का?