मदत हवी आहे: मराठी सिनेमाच्या वितरणाबद्दल

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकच्या मित्रांनी मिळून सिनेमा पूर्ण केलाय, सेन्सॉर सर्टिफिकेटही हातात आहे. घोडं अडलंय ते वितरणावर. सिनेमा वितरणासाठी देशाचे जे विभाग (सर्किट) पाडलेत, त्यात आपण मुंबई सर्किटमध्ये, मराठवाडा निझाम सर्किटमध्ये, विदर्भ सीपी-बेरार सर्किटमध्ये. मग एकाच राज्यासाठी तीन दारं ठोठवायची का?

एक वितरक म्हणतात, कमिशनवर लावतो, पण पब्लिसिटीचा खर्च आणि व्हीपीएफ (थिएटरात सिनेमा डिजिटल पद्धतीने दाखवण्याची फी) तुम्ही भरा. मग त्यांची जोखीम ती काय? मिनिमम गॅरंटी, म्हणजे सिनेमा चालो न चालो वितरकाने निर्मात्याला द्यायची ठरलेली रक्कम, नवख्यांना कुणी देतं का?

सगळ्यात मोठी काळजी शोच्या वेळेची. दुपारी साडेबाराला सातपूर-अंबडचा कामगार थिएटरात येणार कसा? वेळ शेवटी कोण ठरवतं, वितरक की मल्टिप्लेक्सचं प्रोग्रॅमिंग ऑफिस? संध्याकाळचा शो करारात लिहून घेता येतो का? जाणकारांनी कृपया सांगा, सही अजून केलेली नाही.