पांढरं रेशन कार्ड आणि आमच्या पंधरा खाटा

काउंटरवाली:

नाशिकला दिंडोरी रोडला आमचं पंधरा खाटांचं हाडांचं हॉस्पिटल आहे. हे ऑपरेशनं करतात, मी खाली काउंटर सांभाळते. बिलं, पगार, मेडिकलवाल्याची उधारी आणि सरकारच्या जन आरोग्य योजनेच्या फायली. योजनेत पेशंटला उपचार फुकट, पैसे मागून मिळतात. शिकले बीकॉम, पण आता एक्स-रे उलटा धरलेला असला तर मला लांबूनच कळतं.

प्रश्न एवढाच, की योजनेत राहावं की बाहेर पडावं? जेवताना हा विषय काढायचा नाही असं घरात ठरलंय, म्हणून इथे विचारते.

योजना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. 2012 मध्ये जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. पेठ-सुरगाण्याकडचा माणूस झाडावरून पडला, मांडी मोडली, तर पूर्वी गावातच बांबूच्या काड्या बांधून पडून राहायचा आणि जन्मभर लंगडायचा. आता पिवळं रेशन कार्ड दाखवतो, रॉड पडतो, वॉकर धरून निघतो. घरी सोडताना एसटीचं भाडंसुद्धा आपण द्यायचं आणि सही घ्यायची, तसा नियमच आहे. एका आजींनी त्यातली दहाची नोट मलाच परत दिली, "बाई, तू च्या पी." फायलीत ते कुठल्या कॉलमात लिहू?

पण एका ऑपरेशनला योजना जी ठरावीक रक्कम देते, त्या पॅकेजमध्ये सगळंच धरलेलं असतं. रॉड, स्क्रू, भूल, तपासण्या, औषधं, जेवण. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, त्यांचं पाकीट त्याच दिवशी द्यावं लागतं. इम्प्लांटवाला महिनाभर गोड बोलतो, मग त्याचा आवाज बदलतो. क्लेम काही त्याच्या तारखा बघून जमा होत नाहीत. काही वेळा चूक माझीच असते. मार्चमध्ये इम्प्लांटच्या स्टिकरचा फोटो मी इतका हलवला की आकडेच वाचता येईनात. क्वेरी आली, पैसे कापले गेले. आठवडाभर मी यांच्यासमोर गेले नाही.

इतकी वर्षं निभावलं, कारण वहीत दोन रकाने होते. डावीकडे योजनेचे पेशंट, उजवीकडे बिल भरणारे. निफाडचा द्राक्षबागवाला, मखमलाबादचे निवृत्त मास्तर, कॉलेज रोडच्या मॅडम. डावीकडची ओढाताण उजवीकडून भरून निघायची. हे कुणी पाटीवर लिहीत नाही, पण आमचं तरी असंच चालायचं.

1 जुलै 2024 पासून पांढरं कार्डही आत आलं. राज्यात राहणाऱ्या सगळ्यांना, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत. लोकांचं भलंच झालं. माझा उजवा रकाना मात्र ओस पडत चाललाय. परवा एक गृहस्थ वडिलांना घेऊन आले. गाडी एवढी मोठी की आमच्या फाटकातून आत येईना. योजनेतूनच करायचं, पण खोली एसी हवी आणि सांधा परदेशी. "वरचे पैसे आम्ही देतो ना!" योजनेच्या पेशंटकडून एक रुपया घेता येत नाही, हे मी तीनदा सांगितलं. जाताना म्हणाले, "मग बोर्ड कशाला लावलाय?"

बोर्ड उतरवायचं मनात आहे. हे म्हणतात, "सरकारी कॉलेजात फुकटात शिकलो, मी पेशंट परत पाठवणार नाही." मुलगा ऑर्थोच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, "आई, मी मोठ्या हॉस्पिटलात पगारावर जाईन. तुमचं लिफ्टचं लायसन, फायर ऑडिट आणि कचऱ्याच्या पिशव्या मला नकोत." इथे कुणी बाहेर पडलंय का? पुढे काय झालं?

सातपूरकर:

ताई, राग मानू नका. तुमच्या उजव्या रकान्यात मी होतो.

अंबडला कंपनीत आहे. पगार 21,000 च्या वर गेला आणि ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड गेलं. वर्षाचं उत्पन्न 1 लाखाच्या वर असलं की रेशन कार्ड पांढरं. म्हणजे महिन्याला साडेआठ हजार कमावणारासुद्धा सरकारच्या लेखी श्रीमंतच. 2019 ला आई मोरीत पडली, खुबा मोडला. पिवळं नाही, केशरी नाही, मेडिक्लेम नाही. सिव्हिलला नंबर लागेपर्यंत थांबायचा धीर नव्हता. बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि बिल भरलं, तुमच्यासारख्याच एका छोट्या हॉस्पिटलात. डॉक्टर भले होते, बिलात थोडं सोडलंसुद्धा. पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा तोटा माझ्या पाटल्यांतून भरला जात होता, हे आज तुमच्याकडून कळलं.

मोठ्या गाडीवाल्याचं सोडा. तो शंभरात एक.

गंगापूर रोड, फिजिशियन:

सातपूरकर, तुमचं दुखणं खरं आहे. पण तो भार उचलायचं काम सरकारचं होतं. ते तुमच्यावर टाकलं कुणी? वहिनींनी नाही.

वहिनी, माझी नुसती ओपीडी आहे, त्यामुळे मी काठावरून बोलतोय. राजस्थानात 2023 च्या मार्चमध्ये आरोग्य हक्काचं विधेयक मंजूर झालं, तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि 4 एप्रिलला समझोता झाला. आपल्याकडे एवढा आवाज होत नाही. माझ्या गल्लीत दोन नर्सिंग होम होती. एकात आता कोचिंग क्लास आहे, दुसरं भाड्याने द्यायचंय. तेच पॅकेज दोनशे खाटांच्या हॉस्पिटलला परवडू शकतं, कारण ते रॉड गठ्ठ्याने घेतात आणि भूलतज्ज्ञ त्यांचे पगारी असतात. दर एकच ठेवायचा, तर आकारमानाचा विचार कुणी करायचा? पैसे वेळेवर येणं आणि दर दरवर्षी महागाईप्रमाणे वाढणं, या दोनच गोष्टी मागा. बाकी भाषणं असोसिएशनच्या मीटिंगमध्ये भरपूर होतात. मी समोसा खाऊन येतो.

तुमच्या मुलाला दोष देऊ नका. माझी मुलगी रेडिओलॉजीला गेली, तीही याच हिशोबाने.

माजी आरोग्यमित्र:

मॅडम, हॉस्पिटलात योजनेच्या मदतीच्या टेबलावर बसायचो, म्हणून कामाचं सांगतो. स्टिकर फायलीला चिकटवायच्या आधी फोटो काढा. फ्लॅश बंद करा, खिडकीपाशी उभ्या राहा, मोबाइल दोन्ही हातांनी धरा. ट्यूबलाइटखाली चकाकी येते आणि आकडा जातो. ऑपरेशननंतरचा एक्स-रे त्याच दिवशी अपलोड करा, डिस्चार्जची वाट बघू नका. अर्ध्या क्वेऱ्या इथेच मिटतात.

हायवेचे अपघाताचे पेशंट येत असतील, तर केंद्राची 2025 ची कॅशलेस योजनाही बघून ठेवा. अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत.

आणि बोर्ड उतरवू नका. पेठ नाक्याला उतरलेला माणूस रिक्षावाल्याला पत्ता विचारत नाही, "योजनेचं कुठंय?" असं विचारतो. मी सहा वर्षं ऐकलंय.

काउंटरवाली:

सातपूरकर दादा, तुमचं वाचलं आणि दुकान बंद केल्यासारखी वही मिटून ठेवली. रात्री परत उघडली. 2019 चीच. उजव्या रकान्यात मी आजवर नुसते आकडे बघत होते, नावांपुढच्या माझ्याच बारीक खुणा बघितल्याच नव्हत्या. "तीन हप्ते." "भाऊ येऊन देणार." "पुढच्या तारखेचा चेक." एक चेक तर अजून टाचणीने लावलेला आहे, टाचणी गंजली. म्हणजे तो कधी भरलाच नाही. यांनी थांबवलं असणार. मला सांगितलं नाही.

फिजिशियन सर, दर वाढवून मागा हे बरोबर, पण आम्ही पंधरा खाटावाले मागायला जातो कधी? मीटिंग असते तेव्हा यांचं ऑपरेशन असतं. पुढच्या वेळी मी स्वतः येते. समोशाचा एक जास्त सांगा.

माजी आरोग्यमित्र दादा, आज दुपारी खिडकीपाशी फोटो काढला. आकडे स्पष्ट आले. सिस्टरने विचारलं, हे कुणी शिकवलं?

बोर्ड अजून आहे. कडेचा पत्रा सुटलाय, तेवढा ठोकून घ्यायला माणूस बोलावलाय. गंजलेल्या चेकबद्दल मात्र आज जेवताना विचारणार आहे, विषय काढायचा नाही असं ठरलं असलं तरी.